वाचकांचे प्रश्न : गरजू मुलांसाठी मंडळीला आवाहन करताना

नाताळपूर्वीच्या आगमनकाळापासून पुनरुत्थानाच्या सणापर्यंतचे, म्हणजे ईस्टरपर्यंतचे, महिने आपल्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या समुदायांमध्ये, दानधर्माचे महिने असतात. उपासनेनंतरच्या सूचनांत, मंडळीच्या मासिक पत्रकात आणि अलीकडे व्हॉट्सॲपवरही गरजू मुलांसाठीची आवाहने याच काळात सर्वाधिक येतात. या आवाहनांविषयी मनात येणारे प्रश्न वाचकांनी मोकळेपणाने पाठवावेत, असे मागील अंकात सुचवले होते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधून आलेल्या पत्रांपैकी काहींना पुढे उत्तरे दिली आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : सप्रेम जय ख्रिस्त. आमच्या मंडळीच्या मासिक पत्रकाचे काम मी पाहते. दर वर्षी शाळा उघडण्यापूर्वी आम्ही वसतिगृहातील मुलामुलींसाठी आवाहन छापतो. आजवर त्यात एखाद्या मुलाचा फोटो, नाव, गाव आणि घरची हकिगत असे. ती वाचून लोकांची मने हेलावत आणि रक्कमही चांगली जमे. नवीन पाळकसाहेबांनी या वर्षी फोटो आणि नाव छापू नये असे सांगितले आहे. कमिटीतील ज्येष्ठ मंडळी म्हणतात की, चेहरा पाहिल्याशिवाय कोणाचा हात खिशात जात नाही. आम्ही काय करावे?
— पत्रकाच्या संपादिका, नाना पेठ

उत्तर : आपल्या पाळकसाहेबांचे म्हणणे योग्य आहे आणि त्याला कायद्याचाही आधार आहे. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ याच्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचे नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र किंवा ज्यावरून ते ओळखू येईल असा कोणताही तपशील वर्तमानपत्रात, मासिकात, पत्रकात, दृक्श्राव्य किंवा अन्य माध्यमात प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. त्याचा भंग केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मुलाच्या हिताचेच असेल तर अशा मुलांविषयी निर्णय घेणारी बालकल्याण समिती परवानगी देऊ शकते, पण वर्गणी चांगली जमावी हे काही मुलाचे हित ठरत नाही. ‘आमचे पत्रक आमच्याच लोकांत वाटले जाते’ हा बचावही टिकणारा नाही. वसतिगृहात केवळ शिक्षणासाठी राहणारे प्रत्येक मूल या व्याख्येत बसेलच असे नाही, हे खरे. परंतु ज्याच्या घरची आपत्ती सांगून आपण मदत मागतो, ते मूल बहुधा त्या व्याख्येत येतेच.

कायदा नसता तरीही मी हेच उत्तर दिले असते. आपल्या देवळांत रविवारी काय घडते ते डोळ्यांसमोर आणावे. बोर्डिंगची मुले रांगेने येतात, तेल लावून चापून बसवलेले केस, धुऊन वाळवलेला गणवेश, हातात गीतपुस्तक, आणि बहुतेक ठिकाणी ती पुढच्याच बाकांवर बसतात. सूचना वाचल्या जातात तेव्हा ती तिथेच असतात. ‘आई वारली, बाप दारूच्या आहारी गेला, लेकरू उघड्यावर पडले’ ही वाक्ये मंडळीच्या कानांवर पडण्याआधी त्या मुलाच्या कानांवर पडतात. शेजारचा मुलगा त्याला कोपराने ढोसतो आणि मागच्या बाकांवरची माणसे माना उंच करून ‘कोणता तो?’ असे पाहू लागतात. त्या मुलाने आपल्या बापाविषयी कोणाला काय सांगावे हा त्याचा अधिकार होता, तो आपण एका सूचनेत काढून घेतो. पुढे तेच पत्रक पीडीएफ होऊन फोनमधून फोनमध्ये जाते आणि वर्षानुवर्षे राहते. नर्सिंगचे शिक्षण पूर्ण करून नोकरीला लागलेल्या मुलीचे स्थळ पाहताना कोणीतरी ते जुने पान काढून दाखवावे, असा प्रसंग आपण कोणत्याही मुलीवर येऊ देऊ नये.

कमिटीतील ज्येष्ठांचे म्हणणे मी हलके मानत नाही, कारण त्यामागे मोठी परंपरा आहे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत उपाशी मुलांची छायाचित्रे मिशनच्या नियतकालिकांतून परदेशी पोहोचली आणि त्यांनी खरोखर जीव वाचवले. न्यूयॉर्कच्या ‘ख्रिश्चन हेरल्ड’ या साप्ताहिकाने केलेल्या आवाहनाला वाचकांनी दिलेल्या प्रतिसादातून १९०० साली मका भरलेले ‘क्विटो’ हे जहाज मुंबईला आले. पण ती छायाचित्रे पाहणारा माणूस समुद्रापलीकडे होता आणि ते मूल पुढे कधी त्याच्या समोर येणार नव्हते. आपल्या पत्रकाचा वाचक त्याच मुलाच्या शाळेत शिक्षक असतो, त्याच्या वाटेवर दुकान चालवतो, त्याच्याच प्रभुभोजनात सहभागी होतो. इतक्या जवळच्या वाचकासाठी लिहिताना ती जुनी रीत चालवता येणार नाही. शिवाय त्या दुष्काळातल्या मुलांनाही ती छायाचित्रे कशी वाटली असती, हे त्यांना कोणी विचारले नव्हते.

माझा सल्ला असा की, आवाहन लिहून झाल्यावर ते त्या मुलासमोर मोठ्याने वाचता येईल का, हा एकच प्रश्न स्वतःला विचारावा. येत नसेल तर पुन्हा लिहावे. आणि फोटो गेल्यामुळे रिकाम्या झालेल्या जागी नेमकेपणा आणावा. माणसाचा हात खिशात जातो तो काय हवे, किती हवे, केव्हापर्यंत हवे आणि मागच्या वेळच्या पैशांचे काय झाले, हे त्याला कळते तेव्हा. उदाहरणादाखल मजकूर देतो :

‘जूनच्या मध्याला शाळा उघडतील. आपल्या वसतिगृहातील प्रत्येक मुलीला गणवेशाचे दोन जोड, बूट-मोजे, रेनकोट आणि वर्षभराच्या वह्या लागतील. एका मुलीचा हा खर्च अमुक रुपये येतो. एकाच घराने सर्व भार उचलावा अशी अपेक्षा नाही, दोन-तीन घरांनी मिळून एका मुलीचा खर्च उचलला तरी चालेल. रक्कम १५ मेपर्यंत खजिनदारांकडे द्यावी आणि पावती घ्यावी. मागील वर्षी जमलेली रक्कम कशी खर्च झाली, याचा तपशील याच पत्रकाच्या शेवटच्या पानावर आहे.’

या मजकुरात कोणाचीही आई मरत नाही, तरी गरज स्पष्ट आहे. चित्र हवेच असेल तर अभ्यासिकेतले बाक, स्वयंपाकघरातील मोठे पातेले, गळके छप्पर दाखवावे. मुलांनी काढलेले चित्र छापायचे असल्यास ज्याने ते काढले त्याला आधी विचारावे आणि तो नको म्हणाला तर छापू नये. ‘अभागी’, ‘बिचारी’, ‘दोन घासांना मोताद’ ही विशेषणे मात्र कायमची गाळावीत.

प्रश्न : आमच्या मंडळीने दोन वर्षे ‘अनाथ मुलांसाठी’ म्हणून एका बालगृहाला मदत पाठवली. गेल्या नाताळात आम्ही भेट द्यायला गेलो, तेव्हा कळले की बहुतेक मुलांना आई किंवा वडील आहेत, काहींना तर दोघेही आहेत. आमची फसवणूक झाली असे काहींना वाटते आणि यापुढे मदत बंद करावी असे ते म्हणतात. आपले मत काय?
— हडपसर

उत्तर : मदत मागताना ‘अनाथ’ म्हटले ही चूकच झाली आणि ती संस्थेच्या निदर्शनास आणून द्यावी. पण फसवणूक झाली असे लगेच ठरवू नये. बालगृहांत आणि वसतिगृहांत राहणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांचे आई-वडील किंवा त्यांपैकी एक जिवंत असतात, ही परिस्थिती केवळ त्या एका संस्थेतली नाही. वडील गेल्यावर आई धुण्याभांड्याची कामे करते आणि एका खोलीत दोन मुलांना एकटे सोडून जाणे तिला सुरक्षित वाटत नाही. आई-वडील ऊसतोडणीला जातात, ते दिवाळीच्या सुमारास निघून उन्हाळ्याच्या तोंडावर परततात, आणि तेवढ्या काळात मुलाची शाळा बुडते. बांधकामावरच्या मजुरांचे घर तर दर काही महिन्यांनी हलते. कोठे आजारपण असते, कोठे तुरुंगवास, कोठे दुसरे लग्न. आपल्याकडची बोर्डिंगची पद्धतच मुळात खेड्यापाड्यांतील मुलांना शिकता यावे म्हणून वाढली, त्यांना घर नव्हते म्हणून नव्हे.

तेव्हा ‘या मुलाला आई आहे’ ही बातमी ऐकून मदत थांबवण्याऐवजी विचाराची दिशा बदलायला हवी. ते मूल घरी राहू शकले असते का आणि त्यासाठी काय कमी पडले, हे विचारावे. मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची आणि संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय, हे तत्त्व २०१५ च्या अधिनियमाच्या कलम ३ मध्येच नमूद आहे. महाराष्ट्र शासनाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत एक किंवा दोन्ही पालक गमावलेल्या, तसेच पालकांचा दुर्धर आजार, घटस्फोट, कारावास अशा कारणांनी अडचणीत आलेल्या मुलांच्या संगोपनासाठी १८ वर्षे वयापर्यंत साहाय्य मिळते. २०२३ पासून ही रक्कम दरमहा २,२५० रुपये आहे. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयामार्फत होतो. पण ज्या विधवेला रोजची मजुरी बुडवणे परवडत नाही, तिला मृत्यूचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचे बोनाफाईड आणि बँकेचे पासबुक एकत्र जमवणे फार जड जाते. आपल्या मंडळीत निवृत्त कारकून, शिक्षक, बँकेतले लोक असतीलच. त्यांच्यापैकी दोघांनी महिन्यातला एक शनिवार अशा आयांसोबत दाखल्यांच्या मागे घालवला, तर ती मदत हजारो रुपयांच्या देणगीपेक्षा मुलाला घराच्या अधिक जवळ ठेवील. पत्रकात याचेही आवाहन करता येते. मंडळ्यांना पैशांचे आवाहन करण्याची सवय आहे, वेळेचे आवाहन मात्र फार क्वचित वाचायला मिळते.

ज्या मुलांना संस्थेतच राहावे लागते, त्यांच्यासाठी मदत चालू ठेवावी. मात्र ती देण्यापूर्वी संस्थेला कलम ४१ खालील नोंदणीचे प्रमाणपत्र मागावे. काळजी व संरक्षणाची गरज असलेली मुले ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेला ही नोंदणी सक्तीची आहे आणि नोंदणीशिवाय असे गृह चालवणे हा गुन्हा आहे. चांगली संस्था हे प्रमाणपत्र दाखवताना कधी कुरकुरत नाही. मुलांना सुट्टीत घरी पाठवतात का, पालक भेटायला येतात तेव्हा त्यांना बसायला जागा असते का, हेही जरूर पाहावे.

आणखी एक. जिवंत आईच्या मुलाला जाहीरपणे अनाथ म्हणणे हा त्या आईवर मोठा अन्याय आहे. ती रविवारी डबा घेऊन दोन बस बदलून मुलाला भेटायला येते, आणि आपल्या पत्रकात ती मेलेली असते.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी ख्रिस्ती नाही. कार्यालयातील एका सहकाऱ्यामुळे त्यांच्या चर्चने मुलांच्या शिक्षणासाठी काढलेले आवाहन वाचनात आले आणि मदत करावीशी वाटली. घरून मात्र विरोध आहे, ‘हे पैसे धर्मांतरासाठी वापरले जातील’ असे सांगितले जाते. सहकाऱ्याला हे विचारणे मला अवघड वाटते. मार्ग सुचवावा.
— कोथरूड

उत्तर : आपण अवश्य विचारावे, आणि लेखी विचारावे. आपला सहकारी मनाने मोठा असेल तर त्याला राग येणार नाही. प्रश्न साधे आहेत : प्रवेश देताना धर्म पाहिला जातो का? प्रार्थनेला बसणे सक्तीचे आहे का? पालकांची संमती कशी घेतली जाते? राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ (३) प्रमाणे शासनमान्य किंवा शासकीय अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कोणालाही स्वतःच्या, आणि अज्ञान मुलाच्या बाबतीत पालकाच्या, संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. म्हणजे हे विचारण्याचा अधिकार देणगीदाराआधी त्या मुलाच्या आईवडिलांचा आहे.

पुण्याला हा प्रश्न नवा नाही. पंडिता रमाबाईंच्या कामाला आधार देण्यासाठी १८८७ साली बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाले आणि त्याने दहा वर्षे मदतीची हमी घेतली. त्या बळावर रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आणले. तेथे विधवांना आणि मुलींना शिक्षण मिळेल, धर्माचा उपदेश होणार नाही, अशी ग्वाही होती. काही मुली रमाबाईंच्या ख्रिस्ती प्रार्थनेला बसू लागल्यावर शहरात मोठा वाद झाला आणि १८९३ साली न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. रमाबाईंचे म्हणणे असे की, आपण कोणाला बोलावले नाही, फक्त आपल्या खोलीचे दार बंद केले नाही. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो उपासमारीच्या मुली आणि स्त्रिया आणून त्यांना आसरा दिला आणि केडगावच्या मुक्ती मिशनचा पसारा वाढला. ते काम दौंड तालुक्यात आजही चालू आहे.

रमाबाईंविषयी मला अतीव आदर आहे, त्या काळी विधवेला पायरीवरही उभे न करणारी घरे होती आणि रमाबाईंनी तिला हाती पाटी दिली. तरीही त्या वादातून आजच्या मंडळ्यांनी घ्यावे असे पुष्कळ आहे. सल्लागार दुखावले ते ठरल्याप्रमाणे झाले नाही असे त्यांना वाटल्यामुळे. म्हणून आवाहनातच स्पष्ट लिहावे : ‘ही मदत कोणत्याही धर्माच्या मुलासाठी आहे, तिच्यासाठी उपासनेला येण्याची अट नाही.’ ज्या मंडळीला हे वाक्य लिहिता येत नाही, तिने बाहेरच्या लोकांकडून पैसे मागू नयेत. आणि जी संस्था ख्रिस्ती आहे, जिथे सकाळी प्रार्थना होते, तिने तेही लपवू नये. याकोबाच्या पत्रात अनाथांचा आणि विधवांचा त्यांच्या संकटात समाचार घेणे यालाच शुद्ध धर्माचरण म्हटले आहे. त्यात समाचार घेण्याच्या बदल्यात काही मागितलेले नाही. भुकेच्या वेळी हातावर ठेवलेल्या भाकरीला अट जोडली, तर ते दान उरत नाही, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्न : मी दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालो आहे. पत्नीचे निधन झाले, मुले परदेशी आहेत. चार वर्षे मी एका मुलाच्या शिक्षणाचा खर्च देतो. पूर्वी त्याचे आभाराचे पत्र येत असे, आता संस्था पत्रे पाठवत नाही, नावही सांगत नाही. नाताळात त्याला दोन दिवस घरी आणावे अशी माझी इच्छा होती, त्यालाही नकार मिळाला. मन खट्टू झाले आहे.
— खडकी

उत्तर : आपली इच्छा प्रेमातून आली आहे याविषयी शंका नाही, आणि रिकाम्या घरातला नाताळ किती लांब वाटतो हे समजू शकते. पण संस्थेने दिलेला नकार योग्य आहे. आभाराची पत्रे मुले बहुधा स्वतःहून लिहीत नाहीत. फळ्यावर मसुदा लिहिलेला असतो आणि सगळी मुले तोच उतरवून काढतात. ज्याला कोणाचे तरी रोजच ऋणी असावे लागते, त्या मुलाच्या मनात कृतज्ञतेपेक्षा संकोच अधिक वाढतो. संस्थेने वर्षातून दोनदा मुलाच्या अभ्यासाची, आरोग्याची आणि आवडीनिवडीची माहिती नाव न घेता कळवावी, एवढी मागणी आपण जरूर करू शकता.

बालकल्याण समितीच्या ताब्यातील मुलाला संस्था स्वतःच्या अधिकारात कोणाच्याही घरी पाठवू शकत नाही. देणगीदार कितीही जुना आणि सज्जन असला तरी हा नियम त्याच्यासाठी सैल करता येत नाही. मुलांना इजा पोहोचवणारी माणसे अनेकदा ओळखीची आणि विश्वासातलीच निघाली आहेत, म्हणून नियम सर्वांना सारखा ठेवावा लागतो. काही वाचकांनी ‘एखादे मूल थेट संस्थेकडून दत्तक घेता येईल का’ असेही विचारले आहे. तसे घेता येत नाही. दत्तकविधान केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘कारा’च्या, नोंदणीतूनच होते आणि ती पद्धत डावलणे हा गुन्हा आहे.

आपण कारखान्यात आयुष्य काढले आहे, मापे, नकाशे आणि गणित आपल्या हातात असणार. दहावीच्या मुलांच्या गटाला आठवड्यातून दोन संध्याकाळी गणित शिकवण्याची तयारी संस्थेला कळवून पाहावी. पोलीस पडताळणी होईल, वर्गात संस्थेचा एखादा कर्मचारी बसेल, या दोन्ही गोष्टी मनाला लावून घेऊ नयेत. आपण ज्याचा खर्च देता ते मूल त्या गटात असेल किंवा नसेल. त्याला ते कळण्याची गरज नाही आणि आपल्यालाही नाही. डाव्या हाताला उजव्याचे कळू नये, ही प्रभूची शिकवण देणगीदारासाठी अवघड आहे, पण घेणाऱ्याला ती फार मोकळे करते.

प्रश्न : शब्बाथ शाळेतील, म्हणजे मंडळीच्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातील, लहान मुलांना गरजू मुलांसाठी पैसे आणायला सांगावे का? काही पालकांना ते आवडत नाही.
— शब्बाथ शाळेच्या शिक्षिका, पिंपरी

उत्तर : सांगावे, पण कसे सांगतो याला महत्त्व आहे. फ्रान्समधील नान्सीचे बिशप शार्ल द फोर्बँ-जानसाँ यांनी १८४३ साली मुलांनी मुलांना मदत करावी म्हणून एक संघ सुरू केला. प्रत्येक मुलाने रोज एक छोटी प्रार्थना करावी आणि महिन्याला एक नाणे द्यावे, एवढेच त्यांनी मागितले. कॅथलिक धर्मग्रामांत ते काम आजही चालते. मिझोरममधील मंडळ्यांत १९१० पासून स्वयंपाकाच्या वेळी प्रत्येक घरी मूठभर तांदूळ बाजूला काढण्याची प्रथा आहे आणि ते तांदूळ नंतर मंडळीत गोळा होतात. या दोन्ही रीतींमध्ये प्रत्येकाचा वाटा इतका लहान आहे की गरिबाच्या मुलालाही तो देता येतो, आणि कोणी किती दिले हे इतरांना दिसत नाही.

म्हणून आणलेली रक्कम वर्गात मोजू नये, नावे फळ्यावर लिहू नयेत, सर्वांत जास्त आणणाऱ्याला बक्षीस देऊ नये. आपल्या वर्गातच एखादे मूल असे असेल की ज्याच्या फीसाठी मंडळी पैसे जमवते. त्याला वगळू नये. हंगामाच्या सणाला भाज्यांच्या पाट्या लावणे, गीतपुस्तके कव्हर घालून नीट करणे, लहानांना वाचून दाखवणे, अशी कामे सर्व मुलांनी दिलेली देणगी म्हणून मोजावीत. घेणाऱ्याच्या बाकावर कायम बसवलेल्या मुलाला देण्याचा आनंद मिळाला की त्याची बसण्याची ढबसुद्धा बदलते.

प्रश्न : मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आजारी बाळांचे फोटो आणि क्यूआर कोड असलेले संदेश सतत येतात. खरे-खोटे कळत नाही. पुढे पाठवावेत का?
— वानवडी

उत्तर : पाठवू नयेत. ग्रुप चालवणाऱ्याने आधी संबंधित रुग्णालयात फोन करून समाजसेवा अधीक्षकांकडे चौकशी करावी. बाळ खरोखर दाखल असेल तर पैशांआधी एक गोष्ट त्याच्या पालकांना सांगावी : धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. पुण्यात अशी मोठी रुग्णालये पुष्कळ आहेत, पण कित्येक पालकांना याची माहिती नसते. एकटे किंवा संकटात सापडलेले मूल दिसले, तर फोटो काढत बसू नये, १०९८ या क्रमांकावर लगेच कळवावे.

प्रश्न : मुलांसाठी जमलेली रक्कम मंडळीच्या सामान्य निधीतच जमा होते. गेल्या वर्षी त्यातून देवळाची वायरिंग झाली. कामही गरजेचे होते. यात काही गैर आहे का?
— खजिनदार, वडगाव शेरी

उत्तर : गैर आहे. वायरिंगची गरज कितीही खरी असली, तरी देणाऱ्याने ती रक्कम मुलांसाठी दिली होती. तेवढी रक्कम सामान्य निधीतून परत मुलांच्या खात्यात वळती करावी आणि तसा ठराव कमिटीच्या इतिवृत्तात लिहावा. पुढच्या रविवारच्या सूचनांत ते मंडळीला सांगावे. लोक रागावतील असे आपल्याला वाटत असेल, पण हिशेब उघड करणाऱ्या खजिनदारावर मंडळी अधिक भरवसा ठेवते, असे मी अनेक मंडळ्यांत पाहिले आहे.

यापुढे मुलांसाठीच्या अर्पणाची पाकिटे वेगळी ठेवावीत, दोन घरांतील दोघांनी मिळून ती मोजावीत आणि वहीवर दोघांनी सही करावी. शक्य तेवढी रक्कम बँकेतून घ्यावी, कारण २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर देणाऱ्याला आयकरात सवलत मिळत नाही. आपल्या संस्थेला ती सवलत देण्याची मान्यता आहे की नाही, हे तपासल्याशिवाय आवाहनात त्याचा उल्लेख करू नये. परदेशातील नातलगांपैकी जे परकीय नागरिक झाले आहेत, त्यांच्याकडून पैसे घ्यायचे असतील तर परकीय अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० खालील नोंदणी लागते. ती नसेल तर अशी रक्कम स्वीकारू नये. वर्षअखेरीस पैसे उरले, तर ते कशासाठी वापरावेत हे कमिटीने परस्पर ठरवू नये, देणाऱ्यांना पत्रकातून विचारावे आणि उत्तरासाठी महिनाभराची मुदत द्यावी.